बिंदू चौकातली जागा

कोल्हापूर, मंगळवार पेठ
२१ जुलै

प्रिय आदिती,

तू म्हणशील, परवा रविवारी तर बोललो, मग आप्पांना पत्र लिहायची काय हुक्की आली? रविवारी आपण बोललो खरं. इकडं पाऊस किती, तिकडं देहरादूनला उकाडा किती, माझा गुडघा कसा आहे, तुझ्या नव्या घराचा रंग झाला का. चार मिनिटांत आपलं बोलणं संपतं आणि मग दोघंही "बरं" म्हणून समोरच्यानं फोन ठेवायची वाट बघत राहतो. त्यात तुझा दोष नाही. आई होती तेव्हा आपल्या दोघांमधलं सगळं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. तिला जाऊन सात वर्षं झाली, तरी आपल्याला अजून थेट बोलायची सवय लागलेली नाही.

तुला मी याआधी एकदाच पत्र लिहिलं होतं. तू लष्करात जायचं ठरवलंस तेव्हा. अकरा पानांचं. तू ते न उघडता माझ्या टेबलावर परत आणून ठेवलंस. बरं झालं नाही वाचलंस, त्यात नुसता उपदेश होता. या पत्रात उपदेश नाही. झालेल्या गोष्टी आहेत. त्यातल्या काही तुला आईकडून कळल्या असतील, काही तुला सांगायच्या नाहीत असं तिनंच ठरवलं होतं. एक विनंती आहे, मधूनच शेवटचं पान बघू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं तू नेहमी तसंच करायचीस.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. मी एकवीस वर्षांचा, कुरुंदवाडहून इथं कॉलेजला आलेला, खांद्यापर्यंत केस वाढवलेला. गावभर जवानांसाठी घोंगड्या, गूळ, चिवडा गोळा होत होता. गल्लीगल्लीत रेडिओ मोठ्यानं लावलेला असायचा. त्यात मी एक दिवस पुठ्ठ्यावर काळ्या शाईनं लिहिलं, "युद्ध थांबवा. दोन्हीकडची पोरं घरी येऊ द्या," आणि बिंदू चौकात जाऊन उभा राहिलो. माझ्याबरोबर फक्त माझा कॉलेजातला दोस्त ज्ञानू होता. मी घाबरलो होतो, तो नव्हता. तासाभरात माझा सदरा फाटला, ज्ञानूच्या भुवईवर दगड लागला. लोक मारून दमले आणि पांगले तेव्हा एक मुलगी तिथंच उभी राहिलेली दिसली. मला वाटलं, ही आता चप्पल काढणार. ती म्हणाली, "माझा भाऊ तिकडं हाय. सगळी म्हणत्यात जिंकू दे. त्यो परत येऊ दे म्हणणारा तू एकटाच दिसलास." आणि तिनं पदराच्या टोकानं ज्ञानूच्या भुवईचं रक्त दाबून धरलं. माझा फुटलेला ओठ तिला दिसलाच नाही. हे मी तिला पुढं आयुष्यभर ऐकवलं. ती तुझी आई.

तिचा भाऊ परत आला, उजवा पाय गुडघ्याखाली सुरुंगात ठेवून. बाळासोमामानं पेठ वडगावात पिठाची गिरणी घातली आणि गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओरडून ओरडून तुला सीमेवरच्या गोष्टी सांगितल्या. तू लष्करात जायला तो कारण आहे असं मी एकेकाळी मानत होतो आणि एकदा त्याच्या तोंडावर तसं बोललोही. तो हसला. म्हणाला, "दाजी, ती माझं ऐकून निघालेली न्हाय. हट्ट कुणाचा घेतलाय ते आरशात बघा."

पुढची चार वर्षं आयुष्यातली सगळ्यात भरलेली. कुरुंदवाडला नदीकाठच्या आमच्या रानात खोप बांधून आम्ही सहाजण राहिलो. आडनावं टाकली. जातीची ताटं मोडून एकाच परातीत जेवलो. तुझ्या आईशी मी तिथंच लग्न केलं, भटजीशिवाय, अंतरपाटाशिवाय. वडगावचे तुझे आजोबा ऊस तोडायचा कोयता घेऊन आले होते. आईनं त्यांना खाली बसवून ताक दिलं. लोक आमच्या वस्तीला हिप्पीची खोप म्हणायचे, म्हणोत. आम्ही एक अंक काढायचो, त्याचं नाव "खर्डा". कच्चं लिहिलेलं म्हणून खर्डा आणि झोंबणारं म्हणूनही खर्डा. सायक्लोस्टाइल यंत्र ज्ञानू फिरवायचा, त्याचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. रंकाळ्यावर, एसटी स्टँडवर तो अंक आम्ही वाटायचो. पोखरणला पहिला स्फोट झाला तेव्हा आम्ही पहिल्या पानावर नुसतं "कशाला?" एवढंच छापलं होतं.

माझे वडील, तुझे आजोबा, रोज दिवस मावळायच्या आत खोपीवर भाकरीचं गाठोडं घेऊन यायचे. आत कधी आले नाहीत. बाहेरच्या दगडावर गाठोडं ठेवायचे आणि जायचे. एकदाच थांबले आणि म्हणाले, "जयपाल, अहिंसा बस्तीच्या देवळात महावीरांच्या म्होरं ठेवायची असती. चौकात मांडली की लोकं दगूड घालत्यात." मी त्यांना देवधर्मावर लांबलचक भाषण दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकरी पुरल्या का?"

आणीबाणीत मला पकडलं. कळंब्याच्या तुरुंगात तेरा महिने होतो, हे तुला माहीत आहे. मधला एक प्रसंग मात्र घरात कुणी तुझ्यासमोर बोललं नाही. सातव्या महिन्यात वडील आजारी पडल्याचा निरोप आला. अधिकाऱ्यानं मला बोलावून एक छापील कागद समोर ठेवला. यापुढं कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही एवढ्यावर सही केली की उद्या घरी. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "पावणं, सगळे करत्यात. करा आन् जावा. बापाची गाठ पडंल." मी सही केली नाही. बराकीत परत आलो तेव्हा बाकीच्यांनी मला खांद्यावर घेतलं. चौथ्या दिवशी वडील गेले. तुझी आई कुरुंदवाडला होती. तिनं नंतर सांगितलं, शेवटच्या दिवशी ते दाराकडं तोंड करून पडून होते. मी सुटून आल्यावर माझ्या काकांनी, वडिलांच्या भावानं, मला घरात घेतलं, पण त्या रात्रीपासून मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी मनाला सांगत राहिलो की मी बरोबर होतो. अजूनही मला वाटतं बरोबर होतो. पण दाराकडं तोंड केलेला तो माणूस काही जात नाही.

मग तू झालीस. खोप केव्हाच मोडली होती. कुणी बँकेत लागलं, कुणी मुंबईला गेलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. उरलो मी आणि ज्ञानू. दरवर्षी सहा ऑगस्टला, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या दिवशी, सकाळी दहा ते बारा आम्ही दोघं बिंदू चौकात पाटी धरून उभे राहायचो. लोकांना सवय झाली होती. रिक्षावाले ओळखीनं हात करायचे. एकदा एका बाईनं मला विचारलं होतं, "ही तुमची दरवर्षाची कसली वारी हो?" तू लहान असताना माझ्या खांद्यावर बसून यायचीस आणि पाटी तुझ्या हातात असायची. तुला आठवतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालचं मात्र आठवत असणार. पोखरणला पुन्हा स्फोट झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात साखर वाटत होते आणि आम्ही दोघं चौकात होतो. मला चपलांची माळ घातली, तोंडाला काळं फासलं. पेपरात फोटो आला. तू एकोणीस वर्षांची, एनसीसीची अंडर ऑफिसर. तो फोटो तुझ्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी लावला होता, हे मला फार नंतर कळलं. तू घरी आलीस, मी मोरीत साबणानं तोंड घासत होतो. तू दारात उभी राहून म्हणालीस, "आप्पा, एक दिवस तरी लोकांसारखं वागा की." मी डोळ्यांवर पाणी मारत राहिलो. साबण डोळ्यात गेला होता.

तीन वर्षांनी तुझी निवड झाली. तू बुटाच्या नाड्या बांधता बांधता खाली बघून सांगितलंस, "मी जाणार हाय." मी तीन रात्री जागून ती अकरा पानं लिहिली. पुढं काय झालं ते तुला माहीत नाही. ते आता सांगतो.

डिसेंबरात, तू मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला गेली होतीस त्या दिवशी, चौकशीसाठी एक फौजदार घरी आले. निवृत्तीला आलेले, दम लागलेले. स्वयंपाकघरात पाटावर बसले. म्हणाले, "जयपालराव, पोरगी गुणाची हाय, तिच्याबद्दल लिहायला एक वाकडा शब्द न्हाय. पण बापाचं नाव आलं की आमच्याकडं दोन पानं भरून निघत्यात. कळंबा, चौक, अठ्ठ्याण्णव." मी म्हणालो, मुलीचा आणि त्याचा काय संबंध? ते म्हणाले, "मला म्हाईत हाय संबंध न्हाय. पण वरचा इचारल, असल्या घरातली पोरगी कशी पाठवली? मला कायतर दाखवायला पायजे. येवढं लिहून द्या, इथनं म्होरं कुठं हुबा राहणार न्हाय." आई चहाचं आधण ठेवत होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि भांडता भांडता नाही म्हणून बसलो असतो. ती गप्प राहिली म्हणून मला विचार करावा लागला. मी तुझ्या वहीतलं एक पान फाडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. मुलगी सेवेत आहे तोवर कोणत्याही निदर्शनात भाग घेणार नाही. खाली सही. बापाच्या मरणाला जी केली नव्हती, ती.

फौजदारांनी कागद चार घड्या करून खिशात घातला आणि चहा न पिताच उठले. दारात मला म्हणाले, "पोरगी मोठी हुईल बगा." ते गेल्यावर आई म्हणाली, "तिला सांगू नका. कळलं तर ती जायची न्हाय. आन् गेली तरी मान खाली घालून जाईल." मी शब्द दिला. त्या दिवशी मी दोन शब्द दिले, बघ.

हे वाचून तुला वाटेल, एवढं केलं तर मग चेन्नईला माझ्या दीक्षांत संचलनाला का आले नाहीत? आई आली, मामा नकली पाय ठोकत आला, त्या दोघांनी तुझ्या खांद्यावर तारे लावले. फोटोत तू मामाच्या पलीकडं कुणाला तरी शोधतेयस असं मला नेहमी वाटतं. तिकीट काढलं होतं. मी तापाचं निमित्त सांगितलं. खरं हे की सही देता आली, टाळी देता आली नसती. त्या मैदानावर दोनशे पोरं-पोरी पाय आपटत चाललेल्या, आणि त्यांना मरायला आणि मारायला शिकवलेलं, आणि त्यात माझी आदू. मी तिथं रडलो असतो आणि तुला वाटलं असतं अभिमानानं रडतात. ते खोटं मला नको होतं. पण मी यायला हवं होतं. चुकलं माझं. हे लिहायला मला चोवीस वर्षं लागली.

त्याच वर्षी सहा ऑगस्टला मी घरी बसलो. बारा वाजता ज्ञानू आला, पाटी बगलेत मारून. "जया, ताप हाय का?" म्हणाला. मी म्हणालो, थकलो रे मी. त्यानं पाटी बगलेतून काढून माझ्यासमोर धरली. "पोरगी लष्करात गेली आन् तू घरात गेलास व्हय? विकलास की रं." त्याला सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी तो कागद "खर्ड्या"त छापला असता. अंक बंद पडला होता, तरी त्यासाठी पुन्हा चालू केला असता. ज्ञानू तसाच होता. तिथून तो माझ्याशी बोलला नाही. एकोणीस वर्षं तो त्या चौकात एकटा उभा राहिला. मी दरवर्षी त्या सकाळी समोरच्या पेपरच्या स्टॉलवर जायचो, पेपर उघडून तोंडापुढं धरायचो आणि वरून बघायचो. तो पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. शेजारी एका माणसाएवढी जागा मात्र तो मोकळी सोडायचा. एक वर्ष तिथं एक मोटारसायकल येऊन लागली तर त्यानं ती हटवायला लावली. कोरोनात तो गेला. मी दोन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको धोंडुबाई दारातूनच म्हणाली, "आता कशाला आलासा?" मी परत फिरलो.

तू मात्र समजलीस की आप्पा म्हातारे झाले, निवळले. एकदा सुट्टीवर आली असताना तुझ्या मैत्रिणींना सांगत होतीस, "माझे वडील पूर्वी फार जहाल होते." पूर्वी! मी आत भाजी निवडत होतो. आई माझ्याकडं बघून हळूच हसली. तेवढं एक माणूस होतं घरात, ज्याला सगळं ठाऊक होतं. आता तेही नाही. संध्याकाळी मी कधी कधी मोठ्यानं बोलतो, आवाज चालू आहे का बघायला. शेजारच्यांना वाटतं टीव्ही आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली होती ते चार दिवस. तुझा फोन लागत नव्हता. मी बातम्या लावल्या आणि बंद केल्या, लावल्या आणि बंद केल्या. चौथ्या दिवशी लढाई थांबल्याचं कळलं. तू कुठं आहेस ते तरीही कळेना. मी उगाच चालत चौकात गेलो. फटाके चालू होते. एका बाईनं माझ्यासमोर पेढ्यांचा पुडा धरला, "घ्या की आजोबा, तोंड गोड करा." मला तिला विचारायचं होतं, तुमचं कुणी आहे का तिकडं? माझी मुलगी आहे आणि ती परत येऊ दे एवढंच मला हवं आहे. पण मी पेढा घेतला आणि खाल्ला. चपलांची माळ घालून मी ताठ उभा राहिलो होतो, आदू. तो पेढा मात्र मला खाली बघून खावा लागला. तासाभरानं तुझा मेसेज आला, "ठीक आहे." मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसलो.

आणि या मे महिन्याच्या एकतीस तारखेला तू निवृत्त झालीस. मुलगी सेवेत आहे तोवर, असं मी लिहिलं होतं. म्हणून मागच्या सोमवारी मी रीतसर अर्ज घेऊन ठाण्यात गेलो, की माझं ते हमीपत्र आता संपलं, परत द्यावं. तिथं तेजस्वी नावाची एक तरुण फौजदार होती. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, जुनी रजिस्टरं काढायला लावली. दीड तास शोधलं. मग माझ्यासमोर येऊन बसली. "आजोबा, असा कागदच न्हाय. आवकेत नोंद न्हाय, फाईलीत न्हाय. तुमच्या मुलीच्या अहवालात नुसतं लिवलंय, कुटुंब चांगलं." ते फौजदार पंधरा वर्षांपूर्वी वारले. त्यांनी तो कागद कुणाला दाखवलाच नसावा. खिशातच राहिला असेल, धुण्यात गेला असेल, किंवा वाटेतच फाडला असेल त्यांनी. त्यांना मला घाबरवून गप्प करायचं होतं की वाचवायचं होतं, आता कुणाला विचारू? ती मुलगी म्हणाली, "आन् असता तरी आजोबा, त्याला काय अर्थ न्हवता." मी चहा संपवला. बाहेर आल्यावर मला ज्ञानूला हाक मारून सांगावंसं वाटलं. तो इतका हसला असता की खोकला लागला असता. आणि मग त्यानं मला मारलं असतं.

मला वाटलं होतं, कागदच नाही म्हटल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. आठ दिवस झाले, विचार करतोय. सरकारकडं माझं काही अडकलेलं नव्हतं, कधीच नव्हतं. मी जे लिहून दिलं ते तुझ्या नावानं दिलं होतं आणि तुला ते माहीतही नव्हतं. म्हणून हे पत्र. तुझ्यावर उपकार केले असं सांगायला लिहिलेलं नाही. मी स्वतःहून केलं, पुन्हा तशी वेळ आली तरी करीन. पण पुढच्या महिन्यात सहा तारीख आहे आणि मला बिंदू चौकात उभं राहायचं आहे. शहात्तरावं चालू आहे, दोन तास जमणार नाही, अर्धा तास तरी. कुणीतरी मोबाइलवर काढेल, तुझ्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांपर्यंत जाईल, ते तुला विचारतील हे कोण. तुझी चोवीस वर्षांची नोकरी आहे, ती तू मानानं केलीस. तिला माझ्यामुळं डाग लागतो असं तुला वाटलं तर मी जाणार नाही आणि मनात राग ठेवणार नाही. आदू, मी चौकात उभा राहिलो तेव्हा कधी कुणाला विचारलं नाही. वडिलांना नाही, सरकारला नाही, तुझ्या आईलाही नाही. तुला विचारतोय. उभा राहू का?

तुझाच,
आप्पा